पहिल्या वेचणीचं मीठ

नांदगाव खंडेश्वर
आश्विन वद्य ३, शके १७८६

गोदा,

त्या सकाळी मी आधी गोठ्यातलं शेण काढलं, मग विहिरीवरून दोन खेपा पाणी आणलं. चूल पेटली तेव्हा नुकतं फटफटलं होतं. तुझा थोरला भाऊ अंगणात बसून वहाणेचा अंगठा शिवत होता. मी आठ भाकरी थापल्या. चंद्रभानला आवडते म्हणून जवसाची चटणी कुटली, फडक्यात बांधली आणि गाठीवरून लाल दोरा गुंडाळला, कारण पांढरा संपला होता. भाकरी तुमच्या, चटणी त्याची, वाटेत सोडू नका, असं बजावलं. त्यांनी मान हलवली, धोंडी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि निघाले. धाकटा भाऊ चंद्रभान जालन्याच्या छावणीत दिसला असं एका गाडीवानाने सांगितलं होतं, त्याला घरी आणायला. महिन्याभराने मेहकरकडून दुसरा गाडीवान आला. त्याने घोंगडं आणि तांब्या ओट्यावर ठेवला. तुझा भाऊ मेहकरच्या धर्मशाळेत पटकीने गेला, म्हणाला.

याला सहा वर्षं झाली. तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण तुझं पत्र आल्यापासून मला ती सकाळच दिसते आहे.

तू लिहितेस, चंद्रभान जिवंत आहे. सिंधच्या सरहद्दीवरच्या पलटणीतून सुटला, कराचीहून त्याचं पत्र आलं, बोटीने मुंबईला उतरून आगगाडीने येतो आहे. तू आळीत गूळ वाटलास. मला आनंद झाला नाही. राग मानू नकोस. नऊ वर्षं ज्याने कागदाचा चिटोरा पाठवला नाही, त्याला नेमकं याच वर्षी घर आठवलं. या वर्षी अमरावतीत कापसाच्या गाड्यांना वाट मिळत नाही. मुंबईचे दलाल कापसाच्या उभ्या पऱ्हाटीचा सौदा करतात. आणि याच वर्षी गावोगाव हरवलेली माणसं सापडायला लागली आहेत. उत्तमरावाच्या म्हातारीकडे काशीहून पुतण्या आला. म्हातारीला दीर कधी नव्हताच, तरी तो दोन महिने जेवून गेला.

दिवाळीनंतर इथे सरकारचे साखळीवाले वावरं मोजायला येणार. ज्याचं नाव सांगितलं जाईल, त्याचं वावर. जानराव पाटील म्हणाला, दीर नसेल तर तुझं नाव, असेल तर त्याचं. गोदा, हे वावर सहा वर्षं मी वाहिलं आहे.

आणखी एक. पत्र तुझं असलं तरी अक्षर शालिकरामजींचं आहे. तुझ्या नवऱ्याचा अपमान करायचा नाही. पण तू काय बोललीस आणि त्यांनी काय लिहिलं, हे मला इथून कसं कळावं? पुढचं पत्र मोडीत नको, बाळबोधात असू दे. रिद्धपूरच्या मठात पोथी वाचणाऱ्या बाईंच्या बोटाखालची अक्षरं बघत मी वाचायला शिकले, ती बाळबोध अक्षरं होती. मोडी पटवाऱ्याकडून वाचवावी लागते, मग सगळा गाव ऐकतो.

पार्बता


बाळापूर
आश्विन वद्य १२

वहिनी,

तू जशी होतीस तशीच आहेस. लहानपणी मी देवळातून प्रसाद आणला तरी तू विचारायचीस, कोणी दिला, का दिला. शालिकरामजींनी तुझं पत्र मला वाचून दाखवलं आणि हसून म्हणाले, "तुह्या वैनीले वकील कराले पाहिजे होतं." त्यांना राग आलेला नाही. तू म्हणालीस म्हणून हे बाळबोधात.

चंद्रभान आला आहे. चार दिवस झाले. दारात उभा राहिला तेव्हा मी ओळखलं नाही, हे खरं सांगते. गेला तेव्हा सतरा वर्षांचा होता, मिसरूड फुटलं नव्हतं. आता दाढी आहे, डाव्या कानाची पाळी गोळीने नेली आहे आणि रंग भाजल्यासारखा झाला आहे. पण तो "गोदे" म्हणाला आणि मी ओळखलं. मला गोदे कोण म्हणतं?

तो फार बोलत नाही. रस्त्याने चालताना घरांच्या माळवदांकडे बघत चालतो. दाराकडे पाठ करून बसत नाही. ताट पुढे आलं की कोणीतरी ओढून नेईल असा जेवतो. किल्ल्याकडे फिरायला नेला तर भिंतीतली गोळ्या झाडायची भोकं मोजत बसला. तू पाहशील तर तुझंही काळीज हलेल.

त्याच्या सुटकेच्या कागदावर नाव दुसरंच आहे. टपालकचेरीतल्या बाबूने वाचून दाखवलं, गणू वल्द रामजी, जिल्हा सातारा. शालिकरामजी म्हणतात, पलटणीत असं चालतं, तुला आधीच सांगून टाकावं म्हणून लिहिते. छकडा पाठवतेस का? त्याला घरी यायचं आहे.

गोदा


नांदगाव खंडेश्वर
कार्तिक शुद्ध २

गोदा,

छकडा पाठवत नाही.

कागदावर गणू आहे, सातारा आहे, आणि तू मला सांगतेस हा चंद्रभान. सरकारचा कागद एक म्हणतो आणि तुझं मन दुसरं. पलटणीत चार माणसं एका तंबूत झोपतात, रात्ररात्र गावाच्या गोष्टी सांगतात. चंद्रभान तिकडे मेला असेल आणि त्याच्या गोष्टी ऐकलेला गणू इकडे आला असेल, असं का नसेल? "गोदे" हा शब्दही कोणी उचलू शकतो.

परवा पहिली वेचणी झाली. पहिला कापूस तोलला, तेवढ्याच वजनाचं मीठ घेतलं, मडक्यात भरून तोंडाला फडकं बांधलं आणि देवापाशी ठेवलं. वेचणी संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हे तुला माहेरी शिकवलंच आहे. दरवर्षी ते मडकं ठेवताना माझा हात जड होतो. का ते विचारू नकोस.

त्या माणसाला तीन गोष्टी विचार. तू शेजारी बसू नकोस, तुझ्या तोंडावर उत्तर दिसतं. शालिकरामजींनी तो बोलेल तसंच लिहावं. घरातला धोंडी बैल कसा होता? सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्या उशाशी कोण होतं? आणि माझ्या हातचं त्याने शेवटचं काय खाल्लं?

पार्बता


बाळापूर
कार्तिक शुद्ध ९

वहिनींस चंद्रभानचा दंडवत.

शालिकरामजी लिहीत आहेत, मी सांगत आहे. गोदा बाहेर आहे.

धोंडी नावाचा बैल मी घरी असेपर्यंत नव्हता. असलाच तर नंतरचा. आई गेली तेव्हा उशाशी तुम्ही होता. मी गोठ्यात लपलो होतो आणि तुम्ही मला तिथून ओढून आणलं, आईच्या तोंडात पाणी घालायला लावलं. तुमच्या हातचं शेवटचं खाल्लं ती जवसाची चटणी. मिठाचे खडे दाताखाली येत होते. तशी चव पुढे कुठे लागली नाही.

दादा गेल्याचं मला मुंबईत कळलं. आपल्याकडचा एक गाडीवान बंदरावर भेटला. दादा मला न्यायला निघाला होता हे गोदेने सांगितलं. तो मला भेटला नाही.

तुम्हाला वावराची काळजी आहे असं शालिकरामजी म्हणाले. मला वावर नको. सरहद्दीवर आमची चौकी वाळूत होती. पाणी उंटावरून यायचं, ते कधी यायचं, कधी उंटच परत यायचे. तिथे मी काळ्या जमिनीचा वास आठवायचा प्रयत्न करायचो आणि मला तो आठवायचा नाही. तो वास घ्यायचा आहे, एवढंच. पडेल ते काम करीन. ओट्यावर झोपेन. इथे ओसरीत मला झोप लागत नाही. चौकीवर चौघे झोपत आणि एक जागा राही. इथे सगळेच झोपतात, म्हणून मी जागा राहतो.

चंद्रभान


नांदगाव खंडेश्वर
कार्तिक वद्य १

बाळापूरला राहणाऱ्या माणसास,

तुझं नाव मला ठाऊक नाही म्हणून असं लिहिते. हे पत्र गोदासमोर वाचलं जाईल, जाऊ दे.

बैलाचं उत्तर बरोबर दिलंस. धोंडी चंद्रभान गेल्यानंतर घेतला, तो माझा सापळा होता. सासूबाईंचंही बरोबर. दोन्ही गोष्टी चंद्रभान कोणालाही सांगू शकला असता.

तिसरी मात्र चंद्रभानने अशी सांगितली नसती. चंद्रभान घरातून गेला तो दिव्यांच्या अवसेचा दिवस होता. सकाळी मी कणकेचे दिवे उकडले होते. त्याने दोन खाल्ले, तिसरा हातात घेतला आणि बैल पाण्यावर नेतो सांगून जो गेला तो गेलाच. माझ्या हातचं शेवटचं ते. चटणी नव्हे.

आणि मिठाचे खडे. मी मीठ पाट्यावर वाटल्याशिवाय कशात घालत नाही, हे गोदाला विचार. खडे राहिलेली चटणी मी जन्मात एकदाच केली. ती माझ्या नवऱ्याने जालन्याला जाताना सोबत नेली. तिची चव एक तर त्यांना ठाऊक असेल, नाहीतर मेहकरच्या धर्मशाळेत मरत्या माणसाच्या उशाखालचं गाठोडं ज्याने काढलं त्याला. घोंगडं आणि तांब्या माझ्याकडे परत आला. ते फडकं आलं नाही. ते कोणी नेलं, हे मी सहा वर्षं कोणाला विचारलं नाही, कारण विचारायला माणूस नव्हता.

आता आहे. ती चटणी तुझ्या तोंडात कशी गेली?

पार्बताबाई


बाळापूर
कार्तिक वद्य ७

वहिनी,

हे काय केलंस? शालिकरामजींनी पत्र वाचलं तेव्हा तो उंबऱ्याशी बसला होता. मेहकरचं आलं तसा उठला, रांजणातून पाणी प्यायला, आपली वळकटी बांधली. मी आडवी झाले. त्याने मला हाताने बाजूला केलं, जोराने नाही. मी विचारलं, कुठं चाललास? म्हणाला, "ज्याईनं इचारलं त्याईले सांगाले."

तो तुझ्याकडे निघाला की पुन्हा कुठल्या पलटणीत, मला कळलं नाही. अकोल्याच्या वाटेला लागलेला एकाने पाहिला. शालिकरामजी आता म्हणतात तुझं खरं असेल, आपण घरात कोणाला ठेवलं होतं कोणास ठाऊक. कालपर्यंत हेच त्याला मेव्हणा म्हणून बाजारात फिरवत होते. मला रडूही येत नाही आणि भीतीही वाटते. तू दाराला कडी घालून राहा. शेजारच्या वच्छलाला सोबतीला झोपव.

तो चोर असेल तर मला तसं कळव. भाऊ असेल तर लवकर कळव.

गोदा


नांदगाव खंडेश्वर
मार्गशीर्ष शुद्ध ५

गोदा,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी तो आला, म्हणून लिहायला उशीर केला. घाईने लिहिलं असतं तर चुकीचं लिहिलं असतं.

आम्ही वेचणीत होतो. ऊन चढलं होतं. वच्छला म्हणाली, "पार्बताबाई, तुमच्या धुऱ्यावर सरकारची पलटण उभी हाये." बाया हसल्या. मी पाहिलं तर बांधावरच्या बाभळीखाली एक माणूस, वळकटी खांद्यावर, वहाणा हातात. वावरात पाय ठेवत नव्हता. मी माझी ओळ वेचत राहिले. दुपारी बाया भाकर खायला बसल्या तोवर तो तसाच उभा होता. मग मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले. कमरेला विळा खोचला होता, तो काढला नाही, हेही सांगते.

चेहऱ्यावरून मला ओळखता आलं नाही. त्याने तांब्या घेतला, पण प्यायला नाही. मी म्हटलं, बोल.

तो म्हणाला, "वैनी, दादा आला होता जालन्याले."

पलटणीत वऱ्हाडातली पोरं घेत नव्हते, म्हणून याने नाव आणि गाव खोटं सांगितलं होतं. पकडलं गेलं तर फटके आणि तुरुंग. तुझा भाऊ छावणीत गेला आणि सगळ्यांसमोर याला चंद्रभान म्हणून हाक मारली. सुभेदाराने याला विचारलं, हा तुझा भाऊ काय? पुढचं मी त्याच्या शब्दांत लिहिते, कारण ते मला विसरता येत नाही.

"म्यां म्हटलं, नाई. मी या माणसाले वळखत नाई. दादानं माह्याकडं पाह्यलं. मंग सुभेदाराले हात जोडून म्हणे, चुकलो साहेब, माह्या भावासारखा दिसते. आन जाता जाता गाठोडं माह्या हातात देल्लं. म्हणे, त्याच्यासाठी आणलं होतं, आता तूच खा."

याने ती चटणी घोड्यांच्या पागेमागे बसून खाल्ली. फडकं अजून जवळ आहे. वळकटीतून काढून दाखवलं. माझ्या जुन्या लुगड्याचा काठ मी ओळखला.

मी त्याला एकच विचारलं, "गाठ सुटेल होती काय?"

"नाई," तो म्हणाला. "वरतून लाल दोरा होता. म्यांच तोडला."

गोदा, आता जे लिहिते ते शालिकरामजींनी वाचलं तरी चालेल. त्या सकाळी घरातलं मीठ संपलं होतं. चटणी कुटून झाली आणि मग ते ध्यानात आलं. तुझा भाऊ निघायच्या तयारीत, शेजारी मागायला जावं तर वाटेवर थांबवल्यासारखं होतं. वेचणी अर्धी व्हायची होती. मी पहिल्या वेचणीच्या मडक्याचं फडकं सोडलं, मूठभर मीठ घेतलं आणि कोणी पाहायच्या आत तसंच खड्यांसकट चटणीत टाकलं. महिन्याभराने गाडीवान आला. सहा वर्षं मी हे धरून बसले की त्या मिठाने त्यांना नेलं. सासरी नाही, माहेरी नाही, रिद्धपूरच्या बाईंनाही सांगितलं नाही. आणि त्यांनी ती चटणी चाखलीही नव्हती. मी सांगितलं, त्याची आहे, सोडू नका, आणि त्यांनी सोडली नाही. ते मीठ याच्या पोटात गेलं, आणि हा पुढे सहा वर्षं गोळ्यांतून जिवंत राहिला.

मला हलकं वाटलं का, असं विचारशील. तसं नाही. मी त्याला माफ केलं असंही लिहिणार नाही. तो नाही म्हणाला तेव्हा तुझ्या भावाचं तोंड कसं झालं असेल, हे मी आता वावरात, विहिरीवर, सगळीकडे बघते आहे. पूर्वी मला त्यांचा मरताना चेहरा दिसायचा. आता हा दिसतो.

संध्याकाळी जानराव पाटील ओट्यापाशी थांबला. साखळीवाले परवा येतात, हा पाहुणा कोण, असं त्याने विचारलं. चंद्रभान माझ्या आधी बोलला. म्हणाला, मी गणू, साताऱ्याचा, कामाला आलो. पाटील माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, उद्या चावडीवर येऊन सांगते.

पाटील गेल्यावर तो म्हणाला, "मले गनूच राहू दे, वैनी. सालदार म्हण. कागदावर बी तेच हाये. वावर तुयं राहीन."

खोटं नाही सांगत, मला तो हिशोब पटला. तो गणू राहिला तर वावर माझं. त्याच्या कागदावरचं नाव काहीही असो, इथे त्याला चंद्रभान म्हणू शकेल असं माझ्याशिवाय कोणी नाही. आज तो वावर नको म्हणतो. उद्या लग्न होईल, बायको येईल, मग काय म्हणेल हे मला माहीत नाही, त्यालाही माहीत नाही. मी अंगणात बसून हे सगळं पुन्हा पुन्हा उलटून पाहिलं. तो ओट्यावर भिंतीला टेकून जागा होता. मी त्याला सांगितलं, मी जागी आहे, तू झोप. थोड्या वेळाने तो खरंच झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मडक्याचं फडकं सोडलं, मूठभर मीठ काढून जवसाची चटणी कुटली, त्याला भाकर वाढली, आणि चावडीवर जाऊन पाटलाला सांगितलं की तो माझा दीर चंद्रभान आहे.

पार्बता